कूलंट बदलायला घेण्याआधी

सगळ्यात आधी गाडीबरोबर आलेली पुस्तिका शोधा आणि दोन गोष्टी कागदावर उतरवून घ्या. एक, कंपनीने कोणत्या प्रकारचं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, सांगितलंय. दुसरं, रेडिएटर, इंजिन आणि हीटर धरून एकूण किती लिटर मावतं. कूलंटच्या टाकीत आत्ता दिसतोय त्या रंगाचा डबा आणायचा, असं करू नका. हिरवा, गुलाबी, निळा हे रंग उत्पादक आपापल्या मर्जीने घालतात, त्याला सगळीकडे लागू होणारा नियम नाही. जुन्या पद्धतीच्या सिलिकेटवाल्या कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं साधारण दोन वर्षांत संपतात, तर डब्यावर ‘ओएटी’ (म्हणजे सेंद्रिय आम्लांची गंजरोधक द्रव्यं असलेलं) लिहिलेलं कूलंट पाचेक वर्षं टिकतं. दोन्ही एकत्र झाली की जास्त टिकणाऱ्याचंही आयुष्य घटतं आणि कधीकधी गाळ धरून रेडिएटरच्या बारीक नळ्या तुंबतात. आत आधी काय भरलंय याची खात्री नसेल तर टॉप-अप करत बसण्यापेक्षा सगळं काढून, धुऊन नवीन भरलेलं बरं.

डबा तयार मिश्रणाचा आहे की कॉन्सन्ट्रेटचा, म्हणजे पाणी न मिसळलेल्या कूलंटचा, तेही वाचून घ्या. तयार मिश्रणात पाणी घालायचं नसतं आणि कॉन्सन्ट्रेट नुसतं ओतायचं नसतं. बहुतेक कूलंटचा मुख्य घटक असलेलं इथिलीन ग्लायकॉल शुद्ध असेल तर उणे १३ अंशांच्या आसपासच गोठतं. निम्मं पाणी मिसळलं की तेच उणे ३७ पर्यंत तग धरतं. उष्णता वाहून नेण्यातही पाणी ग्लायकॉलपेक्षा सरस आहे. म्हणून थंडी असो वा कडक ऊन, निम्मं-निम्मं हेच प्रमाण बहुतेक गाड्यांना मानवतं. पाणी मात्र डिस्टिल्डच आणा. नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्यातले क्षार तापलेल्या धातूवर थर धरतात आणि तो थर पुढे निघता निघत नाही.

आता एक गोष्ट जी हमखास विसरली जाते. रेडिएटरचा ड्रेन प्लग उघडला तरी इंजिन ब्लॉकमधलं सगळं पाणी बाहेर येत नाही. साध्या पाण्याने धुऊन झाल्यावर तयार मिश्रण भरलंत, तर आत उरलेल्या पाण्यामुळे ते पातळ होणार. त्यामुळे धुवायचं असेल तर कॉन्सन्ट्रेट घ्या, एकूण मापाच्या निम्मं आधी ओता आणि मग मावेल तेवढं डिस्टिल्ड पाणी घाला. धुवायलाही शेवटी डिस्टिल्डच वापरा. शेवटी रिफ्रॅक्टोमीटरवर (मिश्रणाचं प्रमाण दाखवणाऱ्या छोट्या उपकरणावर) एक थेंब टाकून प्रमाण तपासता आलं तर उत्तमच.

जुनं कूलंट धरायला पसरट ट्रे आणि घट्ट झाकणाचा कॅन आधीच तयार ठेवा. इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि चवीला गोड, त्यामुळे लहान मुलं आणि कुत्री-मांजरं सहज तोंड लावतात. सांडलेलं लगेच पुसा, गटारात ओतू नका.

इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय रेडिएटरच्या किंवा कूलंटच्या टाकीच्या झाकणाला हात लावायचा नाही. आतलं द्रव दाबाखाली असतं आणि झाकण सैल होताच उकळत अंगावर येतं. निम्मं-निम्मं मिश्रण एरवी १०७ अंशांच्या आसपास उकळतं, झाकणाने धरलेल्या दाबामुळे ते १२५ च्या पुढेही उकळत नाही. म्हणजे झाकणाचं रबर चिरलेलं असेल तर महागातलं कूलंटही कामाचं नाही. शंका आली की झाकण बदला. होज पाइप दाबून पाहा: फुगलेले, मऊ पडलेले किंवा टोकाशी पांढरट डाग धरलेले असतील तर तेही याच वेळी बदलून घ्या.

भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवा, म्हणजे तिथली हवाही निघते. हवा काढायची पद्धत गाडीगणिक वेगळी असते, ती पुस्तिकेत बघा. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरची वाट मोकळी करणारी झडप) उघडून हवा निघाली की पातळी खाली जाते, म्हणून थोडं मिश्रण राखून ठेवा आणि पुढचे काही दिवस सकाळी गार इंजिनवर टाकीतली पातळी किमान-कमाल खुणांच्या मध्ये आहे ना, ते बघत राहा. बाहेर कुठे गळती दिसत नाही आणि पातळी उतरतेच आहे, असं झालं तर ऑइलचं झाकण उघडून पाहा. आत दुधट साय दिसली किंवा इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहिला, तर हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिन ब्लॉक आणि त्याच्या वरच्या हेडमधल्या सीलवर, संशय घ्या. मग गाडी चालवत नेऊ नका, टो करून मेकॅनिककडे न्या.