सशाच्या पायाला लागले आहे? मग निदान या चुका टाळा

सशाचे नख मोडले, पंजाला खरचटले किंवा टाचेवर लालसर चट्टा उमटला, तर केवळ तेवढ्याने ससा सहसा दगावत नाही. त्याचे हाल होतात ते घाबरलेल्या मालकाने पहिल्या तासाभरात केलेल्या उपचारांमुळे. सल्ला विचारायला येणारी मंडळी जखमेचे वर्णन बारकाईने करतात, पण तिच्यावर काय काय लावून झाले आहे, हे मात्र खोदून विचारल्याशिवाय सांगत नाहीत, आणि खरी अडचण बहुधा तिथेच असते.

सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक म्हणजे घट्ट पट्टी. कुत्र्याच्या किंवा मांजराच्या पायाला असते तशी जाड, उघडी गादी सशाच्या तळव्याला नसते. तेथे फक्त दाट केस असतात आणि त्यांच्याखाली अतिशय पातळ कातडी. हे केस हीच त्याची गादी असल्यामुळे, चिकटपट्टी ओढून ते उपटणे म्हणजे नवी जखम करणे होय. माझ्या परिचयातील एका गृहस्थांच्या सशाचे मागच्या पायाचे नख गालिच्याच्या सुटलेल्या दोऱ्यात अडकून मुळापासून मोडले. नखातली रक्तवाहिनी तुटली की रक्त बरेच येते आणि पांढऱ्या केसांवर ते आहे त्याहून भयंकर दिसते. त्यांनी कापूस ठेवला, त्यावर गॉज गुंडाळले आणि ‘निसटायला नको’ म्हणून वरून चिकटपट्टीचे वेढ्यांवर वेढे दिले. पट्टी दिसायला फार नेटकी होती, आणि त्याचे त्यांना कौतुकही होते. दुसऱ्या दिवशी ससा ती कुरतडू लागला, तर दात पोहोचू नयेत म्हणून त्यांनी आणखी दोन वेढे चढवले! मी पाहिले तेव्हा बाहेर आलेली बोटांची टोके सुजून गार पडली होती, आणि कापसाचे तंतू रक्ताच्या खपलीत इतके रुतले होते की पशुवैद्यांनी ते भिजवून काढतानाही पुन्हा रक्त आले. मोडलेल्या नखाचे रक्त केव्हाच थांबले होते. पुढचे कित्येक आठवडे उपचार चालले ते चिकटपट्टीखाली सोललेल्या कातडीवर.

अशा वेळी मी काय करते ते सांगते. सशाला टॉवेलात गुंडाळायचे, डोके आणि दुखावलेला पाय तेवढा बाहेर ठेवायचा, आणि स्वच्छ गॉजचा तुकडा नखावर धरून पाच मिनिटे सलग दाबायचा. ‘थांबले का’ म्हणून मध्येच उचलून पाहायचे नाही, कारण प्रत्येक वेळी उचलताना नुकतीच धरू लागलेली गुठळी सुटते. उतावळ्या माणसांना ही पाच मिनिटेच सर्वांत जड जातात. त्यानंतरही नख पाझरत असेल तर टोकाला चिमूटभर कॉर्नफ्लोअर दाबून लावावे, मात्र ते फक्त नखाला, उघड्या कातडीच्या जखमेला नव्हे. दहा-पंधरा मिनिटांनीही रक्त थांबत नसेल तर पशुवैद्यांकडे जावे. लहान जखमेला मी पट्टी बांधतच नाही; त्याऐवजी जमीन बदलते. भुसा आणि ओलसर गवत काढून टाकून फिक्या रंगाची मऊ, कोरडी कापडे अंथरली की जखमेत कचरा जात नाही आणि रक्ताचा ठिपका पडला तर लगेच दिसतो. जखम इतकी मोठी वाटत असेल की पट्टीवाचून भागणार नाही, तर ती पट्टी पशुवैद्यांनीच बांधावी.

दुसरी चूक याहून घातक आहे: सगळे लक्ष पायाकडे आणि पोटाकडे दुर्लक्ष. सशाचे आतडे सतत चालू राहावे लागते. दुखणे किंवा भीती यांमुळे त्याने खाणे सोडले की आतड्याची हालचाल मंदावते, वायू धरतो, पोट दुखू लागते आणि त्यामुळे तो आणखीच खात नाही. म्हणून दहा-बारा तास त्याने काही खाल्ले नसेल किंवा लेंड्या पडणे बंद झाले असेल, तर पायाचे काहीही असो, ती तातडीची बाब आहे आणि सकाळची वाट पाहू नये. पाय दुखावलेला असेपर्यंत मी रोज एकाच वेळी सशाचे वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर करते आणि ट्रेमधल्या लेंड्या पाहते. त्या बारीक, कमी किंवा वेड्यावाकड्या होऊ लागल्या की वजन उतरण्याआधीच कळते. वाळलेले गवत आणि पाणी लंगडत जावे लागणार नाही इतके जवळ ठेवावे.

‘ओरडत नाही, म्हणजे दुखत नसावे’ हे वाक्य तर मला आता ऐकवत नाही. ससा हा शिकार होणारा प्राणी आहे, त्यामुळे तो दुखणे लपवतो. 2012 साली संशोधकांनी सशाच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. तिच्यात अर्धवट मिटलेले डोळे, चपटे झालेले गाल, ताणून टोकदार दिसणारे नाक, मिशांची ठेवण आणि कानांची ठेवण अशी पाच लक्षणे पाहतात. अंग आकसून कोपऱ्यात बसणे आणि दात करकरा वाजवणे ही लक्षणे त्यांत माझ्या वतीने जोडून घ्यावीत.

घरातल्या औषधांच्या डब्याला हात लावू नये. पायाला लावलेले मलम ससा काही मिनिटांत चाटून टाकतो, त्यामुळे लावायचे औषध हे पोटात जाणारेच औषध समजावे. स्टिरॉइड असलेली मलमे सशांना विशेष बाधतात, आणि अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन किंवा क्लिंडामायसिन यांपैकी एखादे प्रतिजैविक (अँटिबायोटिक) तोंडावाटे गेले तर आतड्यातले उपयुक्त जीवाणू मरून जीवघेणा जुलाब होऊ शकतो. ‘लहान मुलांना चालते, तर सशाला का चालू नये’ या तर्कावर मी वाद घालणे सोडून दिले आहे. वेदनाशामकही पशुवैद्यांनी वजन पाहून ठरवलेलेच द्यावे. जखम धुण्यासाठी स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड नको. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ पुरते. धुतल्यावर पाय पूर्ण कोरडा करावा, आणि पाय धुण्याच्या निमित्ताने सशाला आंघोळ कदापि घालू नये.

पंजा पाहण्यासाठी सशाला उताणे करू नये. तो निपचित पडतो ते समाधानाने नव्हे, भीतीने, आणि अचानक मारलेल्या लाथेने त्याचा स्वतःचाच कणा मोडू शकतो.

चाटू नये म्हणून गळ्यात नरसाळ्यासारखी कॉलर अडकवण्याची घाईही नको, कारण मग त्याला स्वतःच्या मऊ लेंड्या खाता येत नाहीत, आणि त्या त्याच्या आहाराचा भाग असतात. जोडीदारापासून वेगळे करणेही, मारामारी झालेली नसेल तर, अनावश्यक.

कधीकधी जखम नसतेच. सशाची लघवी खाद्यातल्या रंगद्रव्यांमुळे तांबूस होऊ शकते आणि तिचा डाग पायावर रक्तासारखा दिसतो. पुढच्या पंजांची आतली बाजू ओलसर, चिकट दिसत असेल तर पायापेक्षा नाक तपासावे, कारण ससा वाहणारे नाक तिथेच पुसतो.

टाचेवरचे केस जाऊन लाल चट्टा पडला असेल, तर जाळीचा तळ, ओले अंथरूण, वाढलेली नखे किंवा सशाचे वाढलेले वजन यांपैकी काहीतरी कारणीभूत असते, आणि ते तसेच ठेवून वर्षभर मलम चोळले तरी उपयोग होत नाही.

जखम दुसऱ्या सशाच्या चावण्याने झाली असेल, तर ती बाहेरून भरलेली दिसली तरी निश्चिंत राहू नये. सशाचा पू घट्ट असतो, तो वाहून जात नाही आणि आत गाठ धरतो. म्हणून पुढचे काही आठवडे त्या जागी बोट फिरवून पाहत राहावे. गाठ लागली तर ती फोडण्याचा प्रयत्न न करता पशुवैद्यांना दाखवावी. पाय लोंबत असेल, ससा त्यावर भारच देत नसेल किंवा लंगडणे चोवीस तासांत कमी झाले नसेल, तर त्याला किरकोळ जखम म्हणणे सोडून त्याच दिवशी एक्स-रे काढून घ्यावा.