अमेरिकेतल्या पोरांच्या क्लायमेट केसेस वाचायच्या कशा

बातमीत नुसतं 'हवामान बदलावरून पोरांनी सरकारला कोर्टात खेचलं' एवढंच असतं, त्यावरून केसमध्ये दम आहे की नाही ते काही कळत नाही. मग सगळ्यात आधी मागणी काय आहे ते शोधा. म्हणजे एखादं ठरावीक कलम रद्द करा म्हणतायत की अख्खं एनर्जी धोरणच बदला म्हणतायत, कारण बहुतेक केसेस इथंच अडकतात, सायन्समध्ये नाही.

2015 ची ज्युलियाना केस घ्या. 21 मुलं होती आणि समोर थेट केंद्र सरकार. 2020 मध्ये अपील कोर्टाने नुकसान होतंय हे मान्य केलं, पण एवढा मोठा प्लॅन बनवून घेणं आमच्या हातात नाही म्हणाले आणि केस बाहेर, शेवटी मार्च 2025 मध्ये देशाच्या सुप्रीम कोर्टानेही ऐकायला नकार दिला. आता मोंटाना राज्यातली हेल्ड केस बघा. 16 जण, 2020 चा दावा, आणि नेम एका छोट्याशा कलमावर, प्रोजेक्टला परवानगी देताना सरकारी खात्यांनी ग्रीनहाउस गॅसचा विचारच करायचा नाही असं ते कलम होतं (वाचून मला आधी खोटंच वाटलेलं). ते रद्द झालं.

दुसरं म्हणजे राज्याची घटना उघडून बघायचीच, तिथं प्रत्येक राज्याची स्वतःची असते. मोंटानाच्या 1972 च्या घटनेत स्वच्छ आणि आरोग्यदायी पर्यावरणाचा हक्क चक्क लिहिलेला आहे, पोरं जिंकली ती त्या ओळीवर. असा हक्क सगळ्या राज्यांत नाही, त्यामुळे मोंटानात झालं म्हणजे युटातही होईल असं धरू नका. युटात सात जणांनी कोळसा-तेलाला झुकतं माप देणाऱ्या कायद्यांवर केस टाकली, मार्च 2025 मध्ये त्या राज्याच्या सुप्रीम कोर्टाने ती टिकत नाही म्हटलं, फक्त परत दावा करायचा रस्ता बंद केला नाही.

'आमचं राज्य एवढंसं, जगाच्या प्रदूषणात आमचा वाटा तो किती' हा सरकारी बचाव जवळपास ठरलेलाच असतो. मोंटानाच्या सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2024 मध्ये 6 विरुद्ध 1 ने तो उडवून लावला, बाकी कोर्टं ऐकतीलच असं नाही.

आणि निकाल लागला की फाईल बंद करू नका बरं का. हवाई राज्यात पोरांच्या केसमध्ये जून 2024 मध्ये तडजोड झाली, वाहतूक 2045 पर्यंत झीरो एमिशन करायचं ठरलं, पण मोंटानात निकालानंतर काही महिन्यांतच विधिमंडळाने ते कलम ज्यात होतं तोच कायदा पुन्हा दुरुस्त केला. त्यामुळे पुढच्या अधिवेशनात कुठली बिलं येतात तेही बघत राहा.