भाषण ऐकताना आपला राग कोण वापरून घेतंय हे कसं ओळखायचं

नोव्हेंबर २०१६ मधे नोटबंदी झाली तेव्हा माझे बाबा दोन दिवस बँकेच्या लाईनीत उभे होते, दुसऱ्या दिवशी तर नंबर यायच्या आधीच कॅश संपली, आणि घरी येऊन पाय चोळत काय म्हणाले तर "जाऊदे, आमच्या बिल्डरची तर झोप उडाली असेल ना". तेव्हा मला बाबांचाच राग आला होता. आता नाही येत, कारण त्या बिल्डरने खरंच तीन वर्षं ताबा लटकवला होता आणि बाबांच्या रागात खोटं काहीच नव्हतं. हे आधी डोक्यात ठेवा: राग लोकांच्या पोटात आधीपासून असतोच, चांगला वक्ता त्याला फक्त वाट काढून देतो.

आता करायचं काय, तर भाषणातली पाचेक मिनिटं कागदावर उतरवून काढा. आवाज, टाळ्या, ते मधेच थांबणं सगळं गळून जातं आणि नुसती वाक्यं उरतात. मग प्रत्येक वाक्यापुढे लिहा, यात मला काय मिळणार असं सांगितलंय की "त्यांची" कशी जिरणार ते सांगितलंय. ही पहिली खूण.

नोटबंदीच्या भाषणांवर करून बघा. ८ नोव्हेंबरला ५०० आणि १००० च्या नोटा गेल्या, म्हणजे किमतीत धरलं तर चलनातला ८६ टक्के पैसा. पाच दिवसांनी गोव्यात मोदी म्हणाले की घोटाळेवाले आता चार हजारासाठी लाईनीत उभे आहेत, दुसऱ्या दिवशी गाझीपूरला म्हणाले गरीब निवांत झोपलाय आणि श्रीमंत झोपेच्या गोळ्या शोधतोय. यात बाबांसाठी काय होतं? लाईन तीच, पाय तेच दुखतायत, फक्त आता वरचाही आपल्याबरोबर भोगतोय असं वाटलं आणि तेवढ्यावर त्रास सोसला गेला. मार्च २०१७ मधे भाजपने यूपीत ३१२ जागा जिंकल्या. रिझर्व्ह बँकेचा शेवटचा हिशोब ऑगस्ट २०१८ ला आला, बंद झालेल्या १५.४१ लाख कोटींच्या नोटांपैकी १५.३१ लाख कोटींच्या परत जमा. म्हणजे ज्यांचा पैसा बुडणार होता त्यांचा फारसा बुडालाच नाही.

हे एकाच पक्षाचं नाही हं. १९७१ ला इंदिरा गांधींनी विरोधकांच्या "इंदिरा हटाओ" ला "गरीबी हटाओ" ने उत्तर दिलं, की झालं, त्यांना विरोध करणारा आपोआप गरिबांचा शत्रू ठरला आणि ३५२ जागा आल्या. संस्थानिकांचे तनखे, म्हणजे जुन्या राजांना सरकारकडून मिळणारे पैसे, पण त्याच वर्षी बंद झाले, लोकांना बरंही वाटलं, पण त्या पैशातून कुणाच्या ताटात किती पडलं हे विचारायचं राहून गेलं. म्हणून दुसरी खूण, "ते" कोण हे नीट बघा. सुरुवातीला काळा पैसावाला असतो, चार दिवसांनी नुसती तक्रार करणाराही त्यातच धरला जातो. शब्द असा सैल व्हायला लागला की सावध व्हा.

पण म्हणून गरीब-श्रीमंत बोलणारा प्रत्येक जण फसवतोय असं धरू नका, ते तर वरच्या लोकांना हवंच असतं. शेतकरी संघटनेचे शरद जोशी "भारत विरुद्ध इंडिया" म्हणायचे, यापेक्षा धारदार काय असणार, पण १९८० च्या चाकणच्या कांदा आंदोलनापासून त्यांची मागणी ठरलेली होती, उत्पादन खर्चावर आधारित रास्त भाव. "भीक नको, हवे घामाचे दाम". क्विंटलला खर्च किती, भाव किती, शेतकरी स्वतः हिशोब करून बघू शकत होता. राग आहे आणि सोबत आकडाही आहे, ही तिसरी आणि माझ्या मते सगळ्यात कामाची खूण.

घरात कुणाशी यावर बोलायचं असेल तर "तुम्हाला गंडवलं" असं चुकूनही म्हणू नका, माणूस लगेच बंद होतो. मी बाबांना एवढंच विचारलं की त्या बिल्डरचे शेवटी किती गेले हो. बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, त्याने तर पुढच्याच वर्षी नवीन साईट काढली.