धोरणाच्या कामात शिरताना वाट कुठे चुकते? या चुका टाळा

‘मला धोरणाच्या क्षेत्रात काम करायचंय’ असं म्हणत दर महिन्याला कुणी ना कुणी मला गाठतं. मी विचारते, कोणत्या प्रश्नावर? बहुतेकांकडे उत्तर नसतं. पद ठरलेलं असतं, फेलोशिपची (ठरावीक काळाच्या मानधनावरच्या कामाच्या संधींची) नावं पाठ असतात, पण प्रश्न निवडलेला नसतो. कुपोषण, एसटीची सेवा, पिण्याचं पाणी, न्यायालयातले खोळंबलेले खटले, काहीही चालेल. पण दोन-तीन वर्षं ज्याचा पिच्छा सोडणार नाही असा एक प्रश्न हवा. तो नसेल तर पुढच्या बहुतेक चुका आपोआप होत जातात.

एका परीक्षेलाच लोकसेवा समजणं

२०२३ च्या नागरी सेवा परीक्षेला दहा लाखांहून जास्त अर्ज आले आणि शेवटी शिफारस झाली १०१६ जणांची. ही परीक्षा देऊ नका असं मी कधीच सांगणार नाही. जिल्ह्याची सूत्रं हातात असलेला चांगला अधिकारी काय करू शकतो, हे मी जवळून पाहिलंय. चूक वेगळीच आहे: एकामागून एक अटेम्प्ट देत राहायचं आणि त्या काळात दुसरं काहीच करायचं नाही.

यात एक गणित मुलांच्या लक्षात येत नाही. खुल्या प्रवर्गाला ३२ वर्षं वयापर्यंत सहा अटेम्प्ट मिळतात. पण महाराष्ट्रातल्या मुख्यमंत्री फेलोशिपची वयोमर्यादा २१ ते २६ अशी राहिली आहे आणि तिथे वर्षभराच्या कामाचा अनुभवही मागतात. संसदेच्या कामकाजाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस या संस्थेची लॅम्प फेलोशिप, जिच्यात एका खासदारासोबत संसदेचं काम करायला मिळतं, पंचविशीपर्यंतच्यांसाठी आहे. म्हणजे चौथ्या-पाचव्या अटेम्प्टनंतर ‘आता दुसरं काही पाहू’ म्हणावं, तर ही दारं मिटलेली असतात. नेमक्या अटी त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीत तपासा, कारण त्या बदलतात. पण क्रम आधीच ठरवा. किती अटेम्प्ट देणार, हे पहिला फॉर्म भरतानाच घरात बोलून घ्या आणि मधलं एक वर्ष कामाला द्या. त्या वर्षाचा मुलाखतीतही उपयोगच होतो.

कल्पना सुचली म्हणजे धोरण झालं असं वाटणं

निबंध स्पर्धेतून आलेल्या हुशार मुलांची ही चूक. ‘सरकारने अमुक करावं’ एवढ्यावर त्यांची टिपणी संपते. करणार कोण, पैसा कुठून येणार, आणि नाही केलं तर नागरिकाने कुणाकडे जायचं, याचा पत्ता नसतो.

आपल्या रोजगार हमी योजनेचा इतिहास यासाठी जरूर अभ्यासावा. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम ही त्यांची कल्पना, आणि ती १९६० च्या दशकाच्या अखेरीस आधी सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यात करून पाहिली गेली. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर गेली. मग पैशाचा प्रश्न आला. त्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला; नोकरदाराच्या पगारपत्रकावर आजही दिसणारी ती कपात तिथली आहे. हमीचा कायदा १९७७ चा, आणि तो अमलात आला २६ जानेवारी १९७९ ला. देशपातळीवरचा कायदा व्हायला २००५ उजाडलं. तालुक्यातला प्रयोग, दुष्काळाने आणलेली निकड, शहरातल्या पगारदाराकडून घेतलेला पैसा आणि मग कायदा, असे दहा वर्षांचे टप्पे आहेत. यातला प्रत्येक टप्पा कुणाच्या तरी टेबलावरचं काम होतं, आणि धोरणातलं करिअर म्हणजे यांपैकी एखादं टेबल. तुम्हाला प्रयोग करायला आवडतं, हिशेब मांडायला, मसुदा लिहायला, की लोकांना संघटित करायला? हे कळलं की नोकरी शोधणं पुष्कळ सोपं होतं.

शासन निर्णय न वाचता मतं मांडणं

माझ्या मते ही सगळ्यात महाग पडणारी चूक आहे, आणि सुधारायला सगळ्यात स्वस्त.

विकासाच्या सिद्धांतांवर तासभर बोलणारे उमेदवार मी पाहिलेत, ज्यांनी एकही जीआर, म्हणजे शासन निर्णय, शेवटपर्यंत वाचलेला नव्हता. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर विभागवार शासन निर्णय फुकट मिळतात. आपल्या प्रश्नावरचा एक उतरवून घ्या आणि सावकाश वाचा. सुरुवातीला ‘वाचा’ किंवा ‘संदर्भ’ या शब्दाखाली आधीच्या निर्णयांची यादी असते. तिच्यावरून मागे-मागे जात राहिलात की योजनेचा जन्म कुठे झाला, कोणती अट कधी घुसली, कोणत्या शुद्धिपत्रकाने काय फिरवलं, ते उलगडतं. प्रस्तावनेत सरकार कारण सांगतं. ते कारण आणि खालच्या अटी जुळतात का, ते तपासा. ‘सदर खर्च अमुक लेखाशीर्षाखालील तरतुदीतून भागवावा’ या ओळीवर थांबा. ते लेखाशीर्ष, म्हणजे त्या खर्चाचं अर्थसंकल्पातलं खातं, घेऊन अर्थसंकल्पाच्या पुस्तकात जा: तरतूद किती होती, सुधारित अंदाज किती झाला, खरोखर खर्च किती पडला. मोठी घोषणा आणि चिमूटभर तरतूद यांतलं अंतर एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की पुढे भाषणांवर विसंबावं लागत नाही. आणि तळाशी असलेली ‘प्रत’ची यादी कंटाळून सोडू नका. निर्णय कुणाकुणाला पाठवला हे तिथे असतं, म्हणजे काम कुणी करायचं आहे, तेही बऱ्याचदा तिथेच कळतं.

मराठीला कमी लेखण्याची चूकही इथेच होते. दिल्लीतल्या संस्था इंग्रजीत लिहितात, पण आपल्या राज्याचा कारभार मराठीत चालतो. नस्ती (फाइल), टिपणी, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, अधिक्रमित करणे (जुन्या निर्णयाच्या जागी नवा आणणे) हे शब्द ज्याला सवयीचे आहेत आणि जो त्यावर नेटकी इंग्रजी टिपणीही लिहू शकतो, अशा माणसाची संस्थांना फार गरज असते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या मुलांनी हे आपलं भांडवल आहे असं ठामपणे धरून चालावं.

माहितीच्या अधिकाराबद्दल थोडंसं. २००५ च्या या कायद्याने एरवी ३० दिवसांत माहिती मिळायला हवी. पण कार्यालयाकडे जी नोंद आहे तीच मागता येते; ‘असं का केलं नाही’ या प्रश्नाला तिथे उत्तर मिळत नाही. आणि कलम ४ प्रमाणे जे आधीच जाहीर असायला हवं, ते शोधल्याशिवाय अर्ज टाकू नका.

ज्यांच्यावर काम पडणार त्यांनाच न विचारणं

ही चूक माझी आहे. पहिल्या नोकरीत आम्ही अंगणवाड्यांमधल्या मुलांच्या वाढीच्या नोंदींवर एक प्रस्ताव केला होता. माहिती तुटक होती, म्हणून उपाय सुचवला: सेविकांनी दर आठवड्याला आणखी एक छोटा तक्ता भरावा. प्रस्ताव देखणा होता, आमच्या वरिष्ठांनाही आवडला. तो घेऊन मी एका अंगणवाडीत गेले. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, कपाट उघडलं आणि आधीची रजिस्टरं एकेक करून माझ्यापुढे ठेवत गेल्या. तेच वजन तीन ठिकाणी लिहायचं, मग मोबाइलमध्येही भरायचं. ‘ताई, यातलं कुठलं बंद करणार ते आधी सांगा,’ त्या म्हणाल्या.

आमचा प्रस्ताव आम्ही मागे घेतला. तेव्हापासून प्रत्येक शिफारशीपुढे मी लिहिते, हे करायला कुणाचे किती तास जातील आणि त्या बदल्यात त्यांचं कोणतं काम कमी होईल. तुम्हीही लिहा. दोन दिवस ग्रामसेवकाच्या, तलाठ्याच्या, आशाताईंच्या शेजारी नुसतं बसा. मुलाखत घेऊ नका, काम पाहा. त्या दोन दिवसांत जे कळतं ते अहवालात लिहिलेलं नसतं.

पैशाचं आणि घरचं न बोलणं

फेलोशिप एका-दोन वर्षांची असते, संस्थांतल्या बहुतेक नोकऱ्या कंत्राटी असतात, आणि देणगीदाराचा निधी संपला की पद संपतं. सेवेची ओढ आहे म्हणून हे विचारायला लाजू नका. करार किती महिन्यांचा, प्रवासखर्च कोण देणार, भविष्यनिर्वाह निधी कापला जातो का, हे रुजू होण्याआधी विचारा. ज्यांच्या घरी कर्ज आहे त्यांनी आधी दोन-तीन वर्षं स्थिर पगार घ्यावा, यात कमीपणा काहीच नाही. लेखापाल, अभियंता, परिचारिका, वकील म्हणून केलेलं काम धोरणाच्या कामात पुढे फार मोलाचं ठरतं.

एखाद्या नेत्याच्या प्रचाराचं काम आणि धोरणाचं काम यांतली सीमाही आधीच ओळखा. दोन्ही प्रामाणिकपणे करता येतात. पण प्रचारात तुमचं नाव झालं की दुसऱ्या बाजूचे लोक तुमचा अहवाल उघडण्याआधीच मत बनवतात.

पन्नास अर्ज केले, एकही बोलावणं नाही

अशा वेळी उमेदवार आणखी एखादा प्रमाणपत्राचा कोर्स लावतात. त्याने सहसा काही हलत नाही. बायोडेटात कोर्स भरपूर आणि स्वतःचं लिखाण शून्य, असं चित्र असतं. निवड करणाऱ्याला पाहायचं असतं की तुम्ही एक गुंता सोडवून सांगू शकता का.

म्हणून दोन पानांची एक टिपणी तयार करा. प्रश्न काय, त्यावरचे शासन निर्णय कोणते, तरतूद आणि खर्च किती, प्रत्यक्ष पाहिलं तेव्हा काय दिसलं, आणि एकच बदल करायचा तर तो कोणी, कोणत्या अधिकारात करायचा. मग ती फक्त नोकरीच्या अर्जाला जोडून थांबू नका. संसदेच्या विभागवार स्थायी समित्या जाहिरात देऊन लोकांकडून निवेदनं मागवतात. नियमांचे मसुदे हरकती आणि सूचनांसाठी राजपत्रात येतात. केंद्राच्या २०१४ च्या पूर्वविधान विचारविनिमय धोरणानुसार विधेयकाचा मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवणं अपेक्षित आहे. तिथे तुमची टिपणी मुदतीत पाठवा, पोच जपून ठेवा आणि अंतिम नियम निघाला की तुमच्या सूचनेचं काय झालं ते ओळीओळीने ताडून पाहा. पुढच्या अर्जात हे ताडून पाहिलेलं पान वर ठेवा आणि प्रमाणपत्रं खाली.