पीएसएचईचा तास पहिल्यांदा मिळालाय? आधी चिठ्ठ्यांचा डबा ठेवा

यंदा पहिल्यांदाच ज्यांना 13-14 वर्षांच्या मुलांना व्यक्तिगत, सामाजिक आणि आरोग्य शिक्षण शिकवायचंय, म्हणजे आपण ज्याला सरळ पीएसएचई म्हणतो तो तास, त्यांच्यासाठी लिहितेय. मी मूळची विज्ञानाची. टाइमटेबलमध्ये माझे दोन तास मोकळे दिसले म्हणून हा विषय माझ्याकडे आला, बऱ्याच जणांकडे असाच येतो. ट्रेनिंग काहीच नव्हतं. मग मी तो विज्ञानासारखाच शिकवला, आकृती, व्याख्या, खाली रेघ मारा. मुलं गप्प बसून लिहून घ्यायची आणि मला वाटायचं छान चाललंय.

पहिला धक्का तंबाखूच्या धड्याला बसला. काळ्या पडलेल्या फुफ्फुसांचे फोटो मी मोठ्या स्क्रीनवर दाखवले, वर्ग एकदम चिडीचूप. तास संपल्यावर एक मुलगी मागे थांबली, बेंचच्या कडेवरचा रंग नखाने खरवडत उभी होती, बराच वेळ काही बोलेना, मग म्हणाली, "मॅडम, माझे बाबा आता मरणार का?" माझ्या पोटात खड्डाच पडला. समोर बसलेल्यांपैकी कितीतरी जणांच्या घरात कोणीतरी सिगरेट ओढत असणार हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि सोडल्यावर काय होतं हे तर मी सांगितलंच नव्हतं! मग तिच्याजवळ बसून सांगितलं, की शेवटच्या सिगरेटनंतर 20 मिनिटांत हृदयाचे ठोके कमी व्हायला लागतात, वर्षभरात हृदयविकाराचा धोका ओढणाऱ्या माणसाच्या साधारण निम्म्यावर येतो, शरीर लगेच कामाला लागतं. ती हे सगळं वहीत लिहून घरी घेऊन गेली.

तेव्हापासून घाबरवणं बंद. नुसतं सावध करूनही भागत नाही, अमेरिकेत 1983 मध्ये डेअर नावाचा कार्यक्रम सुरू झाला होता, पोलिस वर्गात येऊन मुलांना ड्रग्जपासून सावध करायचे, तो खूप पसरला पण पुढे अभ्यास झाले तेव्हा मुलांच्या व्यसनांवर त्याचा फारसा परिणाम दिसला नाही. आता मी उलटीकडून सुरुवात करते. आधी मुलांना विचारते, तुमच्या वयाच्या 100 मुलांपैकी किती जण ओढत असतील? आकडे नेहमी खऱ्यापेक्षा बरेच जास्त येतात, आणि "सगळेच करतात" हे खरं नाही हे मुलांना स्वतःच दिसतं. मग जोड्या करून नाही म्हणायची प्रॅक्टिस. वाक्य तुम्ही देऊ नका, तुमचं वाक्य मित्रांसमोर त्यांच्या तोंडून निघणारच नाही, त्यांचं त्यांना शोधू दे.

आता डबा, मुलांनी नाव न लिहिता प्रश्न टाकायचा. साधा झाकणाचा डबा, वर चिठ्ठी जाईल एवढी फट. यात एक गोष्ट मला फार उशिरा कळली, ती म्हणजे चिठ्ठी सगळ्यांनीच टाकायची, प्रश्न नसेल तर "आज काही नाही" लिहून टाकायची. नाहीतर कोण लिहितंय ते अख्खा वर्ग बघतो आणि ज्याला खरंच विचारायचंय तो पेन उचलतच नाही. चिठ्ठ्या वर्गात उघडू नका, घरी वाचा, उत्तर पुढच्या तासाला द्या.

एकदा एक चिठ्ठी आली, आठ घड्या घातलेली, पेन्सिलने अगदी बारीक अक्षरात, "एक बाजू मोठी आणि एक लहान असेल तर आजार असतो का". मुलगा की मुलगी माहीत नाही, कशाची बाजू तेही नाही. मी पुढच्या तासाला सगळंच सांगितलं, वयात येताना स्तन एकाच वेगाने वाढत नाहीत, मुलांमध्ये एक अंडकोष दुसऱ्यापेक्षा खाली असतो, हे नॉर्मल आहे, मात्र गाठ लागली किंवा अचानक दुखायला लागलं तर लगेच घरी सांगून डॉक्टरकडे जायचं. कोणाकडे बघून बोलायचं नाही म्हणून मागच्या भिंतीकडे बघत बोलले. मागून कोणीतरी मोठ्ठा श्वास सोडला. कोणी सोडला ते मी बघितलं नाही.

पाळीचा विषय मुला-मुलींना एकत्रच शिकवा असं माझं ठाम मत आहे, प्रश्नांसाठी वेगळा वेळ हवा तर द्या. पालक विचारतात, हे सगळं सांगून मुलं बिघडणार नाहीत ना? त्यांच्यावर चिडू नका, काळजीपोटीच विचारतात. युनेस्कोच्या 2018 च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट आहे की लैंगिकता शिक्षणामुळे मुलं लवकर संबंधांकडे वळत नाहीत, हे शांतपणे सांगायचं आणि धडाही दाखवायचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एखादं मूल येऊन म्हणेल, "सांगते, पण कोणालाच सांगणार नाही ना?" हो म्हणू नका. मी एकदा म्हटलं होतं. एका मुलाने जे सांगितलं ते माझ्याजवळ ठेवण्यासारखं नव्हतंच, त्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न होता, मला शब्द मोडावा लागला आणि नंतर कित्येक आठवडे तो माझ्याकडे बघायचा नाही. आता वर्षाच्या पहिल्याच तासाला सांगून टाकते, मी ऐकेन, पण कोणाला धोका असेल तर मला एका माणसाला सांगावं लागेल, आणि कोणाला सांगणार ते आधी तुला सांगेन. मूल बोलायला लागलं की उलटतपासणी करू नका, त्याचेच शब्द तारखेसकट लिहून ठेवा, शाळेत ही जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांना त्याच दिवशी भेटा. जीव द्यायचे विचार येतात का, हे सरळ विचारायला घाबरू नका, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मोकळं व्हायला वाट मिळते.

झोपेचंही सांगा, 13 ते 18 वयाला रोज 8 ते 10 तास लागतात, आणि या वयात झोप उशिरा येते ती आळसामुळे नाही, मेलाटोनिन हे झोपेचं हार्मोन रात्री उशिरा वाढतं म्हणून.

आणि पहिले दोन-तीन महिने डब्यात नुसते टवाळीचे प्रश्न आले तरी डबा काढू नका, त्यांनाही नीट उत्तर द्या, मुलं तुम्हाला तपासत असतात. माझ्याकडे ती आठ घड्यांची चिठ्ठी चौथ्या महिन्यात आली.