सरकारी खरेदीत पानाची ताटं, बगॅसच्या वाट्या, कंपोस्टेबल पिशव्या: या चुका टाळा

माल वनस्पतीपासून बनलेला आहे म्हणून सरकारी कार्यालयाने तो आधी घ्यावा, असा एकच एक नियम आपल्याकडे नाही. अमेरिकेत तसा कायदा आहे, त्याबद्दल पुढे सांगतो. आपल्याकडे हा विषय खात्याखात्यांत विखुरलेला आहे. प्लास्टिक कचऱ्याचे नियम पर्यावरण मंत्रालयाचे, खादीचं आरक्षण केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांत, तागाच्या पोत्यांचा कायदा वस्त्रोद्योग मंत्रालयाकडे, मानकं बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) आणि प्रत्यक्ष खरेदी बहुतेक वेळा जेम या सरकारी ऑनलाइन खरेदी पोर्टलवर. त्यामुळे निविदा नाकारली जाते तेव्हा माल वाईट असतोच असं नाही. बऱ्याचदा माल एका नियमात बसणारा असतो आणि त्याला जोडलेला कागद दुसऱ्याच नियमाचा असतो.

कोकणात विऱ्यांची, म्हणजे पोफळीच्या झावळीच्या रुंद देठाची ताटं करणारे बचत गट, उसाच्या चिपाडापासून म्हणजे बगॅसपासून वाट्या काढणारे कारखाने, पिशव्यांचे छोटे उत्पादक आणि टेबलाच्या पलीकडे बसलेले भांडार विभागाचे कर्मचारी या सगळ्यांकडून त्याच त्याच चुका होतात.

‘वनस्पतीजन्य’ आणि ‘कंपोस्टेबल’ एकच समजणं

सर्वात महाग पडणारी चूक हीच. वस्तू कशापासून बनली आणि वापरानंतर तिचं काय होतं, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत, आणि भारतीय नियम मुख्यतः दुसरा प्रश्न विचारतो.

बाजारातल्या बहुतेक कंपोस्टेबल, म्हणजे कंपोस्ट खतात कुजून जाणाऱ्या पिशव्या पीबीएटी नावाच्या पॉलिमरमध्ये स्टार्च किंवा पीएलए नावाचं दुसरं पॉलिमर मिसळून केलेल्या असतात. पीएलए मका किंवा उसाच्या साखरेतून येतं, पण पीबीएटी प्रामुख्याने खनिज तेलापासून बनतं. तरीही योग्य परिस्थितीत सूक्ष्मजीव ते खाऊन टाकतात, म्हणून ती पिशवी कंपोस्टेबल ठरते. याच्या अगदी उलट उदाहरण ब्राझीलमध्ये उसाच्या इथेनॉलपासून बनणाऱ्या पॉलिथिनचं. मूळ शंभर टक्के शेतातलं, पण मातीत गेल्यावर वागणूक साध्या पॉलिथिनसारखीच. प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये अशा उसाच्या पॉलिथिनच्या पिशवीला काहीही सवलत नाही. ३१ डिसेंबर २०२२ पासून लागू झालेली किमान १२० मायक्रॉन जाडीची अट तिलाही आहे. कंपोस्टेबल पिशवीला मात्र जाडीची अट नाही, आणि १ जुलै २०२२ पासून बंद झालेल्या एकल वापराच्या प्लास्टिक वस्तूंच्या यादीतूनही कंपोस्टेबल प्लास्टिकच्या वस्तू वगळल्या आहेत.

तिसरा प्रकार ‘जैवविघटनशील’ प्लास्टिकचा. इथे नियम अधिक कडक झाला आहे. २०२४ च्या दुरुस्तीनंतर मागे सूक्ष्मप्लास्टिक न उरणं हा व्याख्येचाच भाग झाला. पॉलिथिनमध्ये रसायन घालून ‘उन्हात तुकडे होणारी’ पिशवी कोणी दाखवली, तर ती यातल्या कोणत्याही खणात बसत नाही. ती साधी प्लास्टिकची पिशवीच आहे, तिच्यावर हिरवं पान छापलेलं असलं तरी.

तुमच्या बाबतीत हा घोळ आहे का, हे ओळखणं सोपं आहे. माहितीपत्रकात ‘१०० टक्के बायो’ असा शब्दप्रयोग असेल आणि मानकाचा क्रमांक नसेल, तर पहिली दुरुस्ती तिथेच करा. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणविषयक फसव्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. पुराव्याशिवाय ‘इको-फ्रेंडली’ म्हणणं आता नुसती जाहिरातबाजी राहिलेली नाही.

दाण्यांचं प्रमाणपत्र जोडणं

कंपोस्टेबल प्लास्टिकसाठी मानक आहे आयएस १७०८८, आणि विक्रीआधी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. निविदेला प्रत्यक्षात काय जोडलं जातं? पिशवीसाठी प्लास्टिकचे कच्चे दाणे पुरवणाऱ्या परदेशी कंपनीचं युरोपीय प्रमाणपत्र. ते खोटं नसतं, पण ते दाण्यांचं असतं. तुम्ही त्यात मास्टरबॅच (रंग वगैरेंचं दाट मिश्रण) मिसळता, शाईने कार्यालयाचं नाव छापता, जाडी बदलता. कंपोस्ट होण्याची चाचणी ठरावीक जाडीपर्यंतच लागू असते, त्यामुळे पातळ पिशवीचा अहवाल जाड कचरा-पिशवीला चालत नाही.

तपासताना तीन गोष्टी शेजारी ठेवून पाहा: प्रमाणपत्रावरचं नाव आणि पत्ता, निविदेतल्या उत्पादकाचं नाव, आणि पिशवीवर छापलेलं नाव. यातल्या एकाही ठिकाणी फरक असेल तर तांत्रिक तपासणीत फाइल तिथेच थांबते. दुसऱ्याचा माल विकणाऱ्या व्यापाऱ्याने ‘उत्पादकाचं आहे ना’ एवढ्यावर विसंबू नये. २०१६ च्या मूळ नियमातच प्रमाणपत्र घेण्याची जबाबदारी उत्पादकाबरोबर विक्रेत्याच्याही नावाने लिहिली आहे.

मागच्या अंगणातल्या खड्ड्यात पिशवी टाकून वाट पाहणं

ही चूक खरेदीदाराची. आयएस १७०८८ च्या चाचणीत वस्तू सुमारे ५८ अंश सेल्सिअस तापमानाच्या कंपोस्टमध्ये ठेवतात. साधारण १२ आठवड्यांनी २ मिलिमीटरच्या चाळणीवर मूळ वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त उरू नये, आणि १८० दिवसांच्या आत ९० टक्के कार्बनचं कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर व्हावं, अशी अपेक्षा असते. कार्यालयाच्या बागेतला पालापाचोळ्याचा खड्डा एवढा तापत नाही. मग सहा महिन्यांनी पिशवी जशीच्या तशी निघते, पुरवठादाराला कारणे दाखवा नोटीस जाते, आणि पुरवठादार बिचारा प्रमाणपत्र नाचवत बसतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर.

यावरचा उपाय निविदा लिहितानाच करायचा असतो. ओला कचरा मोठ्या कंपोस्ट प्रकल्पात जाणार असेल तरच कंपोस्टेबल पिशवी मागवा. तशी सोय नसेल तर धुऊन पुन्हा वापरता येणारी कापडी पिशवी किंवा स्टीलची ताटंच बरी. माझं मत विचाराल तर रोजच्या उपाहारगृहासाठी एकल वापराची कोणतीच वस्तू, अगदी पळसाची पत्रावळसुद्धा, पहिली निवड असू नये. शिबिरं, निवडणुकीचं प्रशिक्षण, मोठे मेळावे यांची गोष्ट वेगळी.

ताटाला चकाकी आणण्याचा मोह

पानांच्या आणि शेतीतल्या उरलेल्या भागांच्या ताट-वाट्यांसाठी बीआयएसचं स्वतंत्र मानक आलं आहे: आयएस १८२६७:२०२३. पोफळीची विरी, सालाची पानं अशा कच्च्या मालापासून गरम किंवा थंड दाबाने, साच्यात घालून किंवा शिवून केलेली भांडी त्यात येतात. गुळगुळीत पृष्ठभाग आणि बोचणार नाहीत अशा कडा अपेक्षित आहेत. रसायनं, रेझिन आणि चिकट पदार्थ मात्र चालत नाहीत. म्हणजे काडीने टाचलेली आजीच्या हातची पत्रावळ मानकाच्या जवळ, आणि गोंदाने पुठ्ठा चिकटवून वर चमकदार कागद लावलेली ‘सुधारित’ पत्रावळ बाहेर.

महाराष्ट्रात यात आणखी एक खाच आहे. राज्याची प्लास्टिक व थर्माकोल बंदीची अधिसूचना २३ मार्च २०१८ ची. जुलै २०२२ मध्ये तिच्यात दुरुस्ती होऊन प्लास्टिकचं आवरण किंवा लॅमिनेशन असलेली कागदी ताटं, पेले, वाट्याही बंदीत आल्या. त्यामुळे ‘कागदी आहे, झाडापासून आहे’ हा बचाव कागदी पेल्याला मिळत नाही. मूळ कायद्यानुसार पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,००० आणि तिसऱ्याला २५,००० रुपये दंड व ३ महिन्यांपर्यंत कैद आहे. शासकीय कार्यक्रमात असे पेले सापडले की पुरवठादार आणि आयोजक एकमेकांकडे बोट दाखवतात.

हीच गोष्ट पिशव्यांची. परिषदेत वाटलेली ‘कापडी’ पिशवी हातात घेऊन पाहा. कापडासारखी दिसणारी, पण विणीचे उभे-आडवे धागे नसलेली ती पिशवी बहुधा नॉन-वोवन (न विणलेल्या) पॉलिप्रॉपिलिनची, म्हणजे प्लास्टिकचीच असते. ज्यूटच्या पिशवीलाही ती ताठ उभी राहावी म्हणून बऱ्याचदा आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. खरेदी आदेशात ‘लॅमिनेशन नसलेली’ हे दोन शब्द लिहिले नाहीत, तर पुरवठादाराला दोष देता येत नाही.

मार्चअखेरची घाऊक खरेदी

निधी परत जाऊ नये म्हणून मार्चमध्ये वर्षभराच्या पिशव्या उचलल्या जातात. कंपोस्टेबल पिशवी मुळातच मोडून पडण्यासाठी बनवलेली असते. पत्र्याच्या छपराखाली एप्रिल-मे काढल्यावर ती ठिसूळ होते आणि पावसाळ्यात गाठ मारताना फाटते. विऱ्यांच्या ताटांचं दुखणं वेगळं: ओल लागली की बुरशी. उत्पादनाचा महिना, वापरण्याची मुदत आणि टप्प्याटप्प्याने पुरवठा या अटी निविदेत घाला. पुरवठादाराने त्या नसल्या तरी स्वतःहून मागाव्यात, कारण जुलैत तक्रार त्याच्याच नावाने येणार आहे.

सवलतींचा चुकीचा हिशेब

सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी केंद्राचं २०१२ चं खरेदी धोरण आहे. केंद्राची खाती आणि सार्वजनिक उपक्रमांनी वार्षिक खरेदीच्या किमान २५ टक्के खरेदी अशा उद्योगांकडून करायची, त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून. बयाणा रकमेतून (निविदेसोबत भरायच्या अनामत रकमेतून) सूट मिळते, आणि तुमचा दर सर्वात कमी दरापेक्षा १५ टक्क्यांच्या आत असेल तर त्या दराशी जुळवून घेऊन काही हिस्सा पुरवण्याची संधी मिळते. मात्र हे सगळं उत्पादकांसाठी आहे. उद्यम नोंदणीत (लघु उद्योगांच्या सरकारी नोंदणीत) मुख्य व्यवसाय ‘व्यापार’ पडलेला असेल तर सूट नाकारली जाते. नोंदणी केंद्रात बसून दुसऱ्याने घाईत भरलेल्या अर्जांत हे हमखास घडतं. अर्ज स्वतः उघडून पाहा, दुरुस्ती करता येते.

दुसरी गल्लत केंद्र आणि राज्य यांची. जिल्हा परिषदेच्या निविदेत केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांचा हवाला देऊन उपयोग नाही. राज्यातल्या कार्यालयांसाठी उद्योग विभागाची १ डिसेंबर २०१६ ची खरेदी कार्यपद्धतीची नियमपुस्तिका आणि तिच्या पुढच्या दुरुस्त्या पाहाव्या लागतात. खादीचंही तसंच. केंद्रीय नियमांतला नियम १५३ खादीची खरेदी खादी व ग्रामोद्योग आयोगाकडूनच करायला सांगतो, तोही केंद्राच्या कार्यालयांना. आणि खादी मार्क नसलेलं सुती कापड ‘खादी’ म्हणून विकताच येत नाही.

पिशवीवाल्यांसाठी सगळ्यात अवघड अट स्थानिक मूल्याची, म्हणजे वस्तूच्या किमतीतल्या देशात तयार झालेल्या हिश्श्याची. ‘मेक इन इंडिया’ खरेदी आदेशानुसार किमान ५० टक्के स्थानिक मूल्य असेल तर पहिल्या वर्गाचा पुरवठादार, २० ते ५० च्या दरम्यान असेल तर दुसऱ्या वर्गाचा. पीएलए आणि पीबीएटीचे दाणे बहुतांशी आयात होतात. पिशवी पुण्यात फुगवली, छापली, कापली म्हणून ती आपोआप ‘स्थानिक’ होत नाही. खर्चाचा कागद काढा, आयात दाण्यांची किंमत वजा करा, मगच टक्का लिहा. खोट्या घोषणेला दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीची तरतूद आहे. विऱ्यांच्या ताटांना ही अडचण नाही, कच्चा माल बागेतलाच.

साखर कारखान्यांच्या बारदानाबद्दल एकच: १९८७ च्या ताग आवेष्टन कायद्याखाली धान्य १०० टक्के आणि साखर २० टक्के तागाच्या पोत्यांत भरण्याचं बंधन वेळोवेळी अधिसूचित होतं. हा टक्का दर आदेशात तपासायचा, गेल्या हंगामाच्या आठवणीवर सोडायचा नाही.

अमेरिकेचं लेबल इथे आणि इथलं प्रमाणपत्र तिथे

अमेरिकेत २००२ च्या शेती कायद्याने बायोप्रेफर्ड कार्यक्रम सुरू झाला. तिथल्या कृषी खात्याने १३९ उत्पादन-गट ठरवले, प्रत्येकाला वनस्पतीजन्य कार्बनचा किमान टक्का दिला आणि १०,००० डॉलरपुढच्या संघीय खरेदीत अशा मालाला प्राधान्य बंधनकारक केलं. माल महाग असेल, वेळेत मिळत नसेल किंवा कामाला पुरा पडत नसेल तर सूट. टक्का एएसटीएम डी६८६६ या चाचणीने मोजतात. तिच्यात कार्बन-१४ पाहतात, कारण कोट्यवधी वर्षं जुन्या तेलात तो उरलेलाच नसतो. पण ही चाचणी फक्त मूळ सांगते, कंपोस्ट होण्याबद्दल ती काहीच बोलत नाही. म्हणून ते लेबल इथल्या निविदेत आयएस १७०८८ ऐवजी चालत नाही आणि उलटही नाही.

विऱ्यांची ताटं अमेरिकेला पाठवणाऱ्यांनी तर अधिकच सावध राहावं. २०२५ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने सुपारीच्या झाडातली अल्कलॉइड ही अपायकारक रसायनं अन्नात उतरू शकतात, या कारणावरून ही भांडी बाजारात आणू नयेत अशी भूमिका घेतली. इथलं मानक ज्या कच्च्या मालाला मान्यता देतं, तोच तिथे अडतो.

माल पोचल्यावर गाफील राहणं

प्रत्येक खेपेतले नमुने तारीख घालून, सील करून स्वतःकडे ठेवा आणि पोच देणाऱ्याची सही त्यावर घ्या. जेमवर माल स्वीकारल्याचं प्रमाणपत्र मिळेपर्यंत बिल पुढे सरकत नाही, त्यामुळे स्वीकृती रखडली तर फोनवर न बोलता पोर्टलवरच लेखी विचारणा करा. माल नाकारला गेला तर कारण कोणत्या चाचणीवर आधारलेलं आहे हे मागा, कारण ‘दर्जा समाधानकारक नाही’ एवढ्या शेऱ्याला उत्तर देता येत नाही. स्वीकारल्यानंतरही पैसे ४५ दिवसांत आले नाहीत, तर सूक्ष्म-लघु उद्योगाला थकलेल्या पैशांचे वाद सोडवणाऱ्या सुविधा परिषदेकडे ऑनलाइन जाता येतं, आणि थकलेल्या रकमेवर व्याजही मागता येतं.