पीएनपी करताय? आधी ‘पीसी’ की ‘एसी’ ते ठरवा

अमेरिकेत आरएन (रजिस्टर्ड नर्स) म्हणून स्थिरावलेल्या आणि आता लहान मुलांची नर्स प्रॅक्टिशनर (पीएनपी, म्हणजे मुलांना स्वतः तपासून औषधं लिहून देणारी नर्स) व्हायचं मनात घेतलेल्या आपल्याकडच्या नर्सेससाठी हे लिहितेय. एनक्लेक्स ही परवान्याची परीक्षा, व्हिसासाठीचं व्हिसास्क्रीन, कागदपत्रांच्या फेऱ्या या सगळ्यातून तुम्ही गेलेल्याच आहात, ते परत उगाळत नाही. माझी दोन वर्षं ज्या एका चुकीत गेली, ती मात्र पूर्ण सांगणार आहे.

पीएनपीला दोन ट्रॅक आहेत, प्रायमरी केअर (पीसी) आणि अ‍ॅक्यूट केअर (एसी). सर्टिफिकेटही दोन, सीपीएनपी-पीसी आणि सीपीएनपी-एसी. दोन्ही परीक्षा पीएनसीबी या सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेच्याच, दोन्हींत 175 प्रश्न आणि तीन तास. त्यामुळे लांबून सगळं एकच वाटतं. मलाही तसंच वाटलं.

मी कोल्हापुरातून बीएस्सी नर्सिंग करून इकडे आले. टेक्सासमध्ये सहा वर्षं पीआयसीयूत (लहान मुलांच्या आयसीयूत) नाइट केल्या. व्हेंटिलेटरवरची मुलं, आर्टीरियल लाइन, दर तासाचं युरिन आउटपुट, हेच माझं जग होतं. घरापासून जवळ, नोकरी सांभाळून करता येईल असा कोर्स मिळाला. तो प्रायमरी केअरचा होता. प्रवेशाच्या वेळी सल्लागार बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, ‘तुमच्याकडे आयसीयूचा अनुभव आहेच, पुढे कुठेही घेतील.’ मी विश्वास ठेवला. कोर्स संपला, परीक्षा पास झाले, युनिटमध्ये पेढे वाटले. चार महिन्यांनी आमच्याच पीआयसीयूत नर्स प्रॅक्टिशनरची (एनपीची) जागा निघाली. मॅनेजरने माझा अर्ज वाचला आणि सर्टिफिकेटवरच्या ‘पीसी’ या अक्षरांवर बोट ठेवलं. नर्स म्हणून हवी तितकी वर्षं इथे राहा, पण एनपी म्हणून या बेडवरच्या मुलाला मला तुला देता येणार नाही, असं तिने सांगितलं. बोलताना तिलाही वाईट वाटत होतं. मी स्टोअररूममध्ये जाऊन रडले.

हे असं का, ते नीट समजून घ्या. 2008 च्या एपीआरएन कन्सेन्सस मॉडेलप्रमाणे (एनपीसारख्या नर्सेससाठीच्या राष्ट्रीय चौकटीप्रमाणे) तुमच्या कामाची हद्द इमारतीवरून ठरत नाही, समोरच्या मुलाच्या अवस्थेवरून ठरते. तब्येत स्थिर असलेलं मूल, लसीकरण, वाढ, नेहमीचे आजार, आटोक्यात असलेला दमा, हे पीसीचं काम. क्षणाक्षणाला बिघडू शकणारं, यंत्रांवर असलेलं मूल, हे एसीचं. आरएन म्हणून केलेली सहा वर्षं असोत की दहा, ती एनपीचं शिक्षण म्हणून धरली जात नाहीत. उलट बाजूनेही तेच. एसी करून बालरोग क्लिनिकमध्ये निरोगी बाळांची नियमित तपासणी करायला बसता येत नाही. आणि भारतातली बालरोग नर्सिंगची एमएस्सी असली, तरी तेवढ्यावर या परीक्षेला बसता येत नाही. इथला मान्यताप्राप्त पीएनपी कोर्स करावाच लागतो.

म्हणून कॉलेजचं नाव, फी, अंतर हे सगळं नंतर. आधी स्वतःला विचारा, पुढची वीस वर्षं मला कुठल्या मुलाजवळ उभं राहायचंय? मग कॉलेजला ईमेलवर लेखी विचारा की हा कोर्स करून मी नेमक्या कुठल्या परीक्षेला पात्र होते. फोनवरचं उत्तर धरू नका. आपल्या युनिटमधल्या एनपीच्या बॅजवर पीसी आहे की एसी, तेही एकदा बघून घ्या.

चूक झालीच असेल, तर खचू नका. मी पोस्ट-ग्रॅज्युएट सर्टिफिकेट करून एसी केलं. फार्माकॉलॉजी, पॅथोफिजिऑलॉजी आणि फिजिकल असेसमेंट हे तीन विषय माझे धरले गेले. क्लिनिकलचे, म्हणजे प्रत्यक्ष रुग्णांसोबत शिकण्याचे तास मात्र नव्याने भरावे लागले. आज मी त्याच मजल्यावर एनपी आहे.

या तासांविषयी थोडं सांगते. किमान मर्यादा पूर्वी 500 होती. 2022 च्या राष्ट्रीय निकषांत ती 750 झाली. बरीच कॉलेजं प्रीसेप्टर (या तासांत सोबत राहून शिकवणारी अनुभवी व्यक्ती) तुमचा तुम्हाला शोधायला लावतात. पैसे घेऊन प्रीसेप्टर मिळवून देणाऱ्यांच्या वाटेला मी गेले नाही, तुम्हीही जाऊ नका असं माझं ठाम मत आहे. ओळखीतून, चार ठिकाणी नकार ऐकून मिळालेला माणूस जास्त शिकवतो.

मला तशा एक बाई मिळाल्या. पीसीच्या कोर्समधला माझा दुसरा आठवडा होता. दोन वर्षांचा मुलगा, ताप, कान धरून रडत होता. मी ओटोस्कोप (कानात बघायचं साधन) लावला आणि म्हटलं, कानाचा पडदा लाल आहे, इन्फेक्शन. त्या म्हणाल्या, ‘रडणाऱ्या मुलाचा पडदा लाल असतोच. फुगलाय का ते बघ.’ आईने त्याला मांडीवर घट्ट धरलं, मी कानाची पाळी खाली आणि मागे ओढली, पुन्हा पाहिलं. फुगला होता. मग डोस. वजन 12 किलो, अ‍ॅमॉक्सिसिलिन किलोमागे 90 मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला 1080, दोन वेळांत 540. बाटली 5 मिलिलिटरमध्ये 400 ची, म्हणजे एका वेळी 6.75 मिलिलिटर. नर्स म्हणून असे हिशेब मी हजारदा पडताळले होते. या वेळी खाली सही करणारी मीच होणार होते, आणि हात थरथरत होता. त्या बाई काही न बोलता शेजारी थांबल्या. आधी मला बघू देणारा, मग स्वतः बघणारा प्रीसेप्टर मिळाला तर त्याला सोडू नका.

आणखी एक, बेडसाइडला दोन वर्षंही न काढता एनपीकडे धावू नका. चालतं म्हणणारे बरेच आहेत, मला ते पटत नाही. मूल बिघडायच्या आधी कसं गप्प होतं, हे पुस्तकातून कळत नाही.

‘डॉक्टर कधी येणार?’ हे तर ऐकावं लागेलच, आपल्या उच्चारांमुळे जरा जास्तच. पहिल्या वर्षी मला ते फार लागायचं. तेव्हा एक गोष्ट आठवायचे. नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला कोर्स 1965 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड या नर्सने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने सुरू केला, आणि तो मुलांसाठीच होता. आता आईशेजारी खुर्ची ओढून बसते, आधी माझं नाव सांगते, मग बाळाचं विचारते.